मामक थांबतात ती जागा

सुल्हानाने गिटार मागितली नव्हती. ती तिच्या गळ्यात पडली.

धाकटा भाऊ तार्मिझी लाम्पुंगकडे कॉफीचा नवा मळा लावायला निघाला, तेव्हा त्याने मोटरसायकलवर बायको बसवली, दोन पोती बांधली, कढई अडकवली, कढईत कोंबडा बसवला आणि मग भिंतीवरच्या खिळ्याकडे बघून म्हणाला, "ही राहू दे, आयूक. मावत नाही."

"कोंबडा मावतो आणि गिटार मावत नाही?"

"कोंबडा निदान पहाटे उठवतो. ही नुसती टांगून असते."

"आणि मी काय करू तिचं?"

"काही नको करूस. घरातच आहे की. घर तुझं, म्हणजे ती तुझी."

समेंदेच्या डोंगरात थोरली बहीण, म्हणजे आयूक, 'नाही' म्हणूच शकत नाही. ती तुंगू तुबांग असते: चुलीवर टांगलेल्या, खारे मासे साठवायच्या बांबूच्या नळकांड्याची राखणदार. नळकांडं राखायचं म्हणजे सगळंच राखायचं. घर, भाताचं खाचर, तळं सगळं तिच्याकडे येतं. पण त्यातलं काही विकायचं नाही, वाटायचं नाही, मोडायचं नाही. बाकीची भावंडं चार दिशांना पांगतात आणि मनात येईल तेव्हा परत येतात, आणि येतील तेव्हा चुलीवर गरम भात हवा. रीत खरं तर घराजमिनीपुरतीच, पण सुल्हानाच्या भावंडांनी ती आपल्या सोयीने ताणली होती. जो कोणी घर सोडेल त्याने जाताना मागे काहीतरी ठेवायचं. एकाची तीन पायांची खुर्ची, धाकट्या बहिणीचं, एर्नाचं, दोरा गिळणारं शिलाई मशीन, कोणाचे तरी फुटबॉलचे बूट. टाकायला काढलं की फोन यायचा: "घरातली वस्तू टाकतेस? तुंगू तुबांग ना तू?"

तर गिटार राहिली. चार तारा शाबूत, दोन तुटलेल्या, पोटात पालीची अंडी.

चाळिशी ओलांडलेल्या बाईने ती खाली काढली त्याला कारण कॉफी. फळं ताडपत्रीवर वाळत घातली की कोणीतरी शेजारी बसावं लागतं. मधूनमधून दाताळ्याने ती खालीवर करायची, कोंबड्या हाकलायच्या, ढग आला की ओरडायचं. काम असं काही नाही, पण उठताही येत नाही. हात रिकामे राहतात. एका बाजाराच्या दिवशी सुल्हानाने मिरच्या विकल्या आणि तारांचं पाकीट घेऊन आली.

शिकवायला फोनमध्ये एक जावाचा पोरगा होता. नखी वापरायची नाही, नुसती बोटं. अंगठ्याने खर्जाच्या जाड तारांवर चाल धरून ठेवायची आणि तर्जनी-मध्यमेने वरच्या पातळ तारांवर गाणं वाजवायचं. "मित्रांनो, अंगठ्याला वेगळं डोकं आहे असं समजा," असं तो दर वेळी म्हणायचा.

हे सुल्हानाने कौतुकाने नवऱ्याला सांगितलं. हैरुद्दीन विळ्याला धार लावत होता.

"अंगठ्याला डोकं? मग या घरात डोकं नसलेला मी एकटाच राहिलो की."

"थट्टा करा. शिकून दाखवते."

"शीक ना. फक्त रोस्तीची आई, एक विचारू? ते मांजर आजारी आहे का गं? सकाळपासून कण्हतंय."

"रोस्तीचे बा, ते गाणं होतं!"

"असं होय! मी त्याला मासा टाकला."

पहिलं वर्ष असंच गेलं. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. त्याआधी फोड आले होते आणि त्या फोडांनी तिने सांबालच्या चटणीसाठी मिरच्या वाटल्या होत्या. ते दुःख तिने कोणाला सांगितलं नाही. उजव्या हाताची नखं कॉफी तोडताना मोडायची. मग ती नुसत्या बोटांच्या मांसाने वाजवायला लागली आणि तिचा आवाज मऊ झाला. जावाच्या पोराची नखं लांब आणि चकचकीत होती. "त्याला कॉफी तोडावी लागत नाही," ती म्हणायची, हेव्याने नाही, नुसतं कारण म्हणून.

आणि मग एक दिवस जावाच्या पोराची गाणी संपली आणि तिची सुरू झाली.

रजुंग म्हणजे तिथली सवाल-जवाबाची गाणी. पुरुषाने दोन ओळी टाकायच्या, बाईने दोन ओळींत उत्तर द्यायचं, मध्ये गिटार. लहानपणापासून कानावर पडलेली, सगळी पाठ. पण अडचण अशी की ही गाणी प्रेमाची. सरळ कमी आणि आडवळणाची जास्त. आणि तळ्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, मामक राहत होते. मामक बाहरून, तिच्या आईचे भाऊ, घराण्यातले वडीलधारे. तुंगू तुबांग नीट राखते की नाही हे बघायचा मान मामाचा. त्यांच्या कानावर पडेल अशा जागी बसून भाचीने 'ये माझ्या दारी' म्हणायचं? जीभ झडली असती.

म्हणून तिने शब्द तारांवर चढवले. जे गळ्याने म्हणायचं ते वरच्या दोन तारांवर, गिटारीची साथ अंगठ्याकडे. कुठे शब्द ओढून म्हणतात तिथे बोट पडद्यावर घसरवायचं, कुठे ठसका देतात तिथे तार तळहाताने दाबायची. एकेका गाण्याला आठवडे लागायचे. तोंडातून अक्षर नाही, म्हणजे पाप नाही, असा तिचा हिशेब.

हा हिशेब शेजारणींनी पहिल्याच दिवशी उधळला. फळं निवडायला बसल्या होत्या, सुल्हानाने एक रजुंग काढलं, आणि दुसऱ्या ओळीला सगळ्या एकदम किंचाळल्या.

"अगं बाई! सुल, हळू!"

"मी काय म्हटलं? मी गप्प आहे!"

"तू गप्प आहेस गं, तारा नाहीत! इथपर्यंत ऐकू आलं 'उंबऱ्याशी चप्पल कोणाची' ते!"

संध्याकाळी मामक आले तेव्हा तिचे कान तापलेले. मामकांनी कॉफीचा घोट घेतला, जिन्याकडे बघितलं.

"पायरी हलतेय."

"हो मामक."

"तळ्यात गवत माजलंय."

"हो मामक."

"ती चप्पल कोणाची होती, कळलं का शेवटी?"

हैरुद्दीनला ठसका लागला आणि तो घरात पळाला. मामकांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

मामक स्वतः वाजवायचे. तरुणपणी आसपासच्या गावांतली लग्नं त्यांच्या गिटारीशिवाय लागायची नाहीत म्हणे. आता फक्त सकाळी, तळ्यापलीकडे, आपल्या घराच्या पायरीवर, एकच चाल. पण काय चाल! अंगठा असा चालायचा की पाणी प्यायला निघालेली म्हैस वाटावी, न थांबता, न घाई करता. आणि वर तारा अशा बोलायच्या की त्या म्हशीच्या पाठीवर दोन पोरी बसून कुजबुजताहेत. मग मध्येच सगळं थांबायचं. अंगठासुद्धा. तळ्यावर नुसती शांतता. दोनेक ओळी गाऊन व्हाव्यात एवढी. आणि पुन्हा म्हैस उठून चालायला लागायची.

सुल्हाना दाताळं हातात धरून ऐकत राहायची, आणि कोंबड्या कॉफीतून फिरायच्या.

तिने ती चाल बसवायचा प्रयत्न केला, तर जमेना. बोटं बरोबर पडायची, पण आवाज तो नाही. मग लक्षात आलं: मामकांच्या तारांचा सूरच वेगळा. फोनमध्ये एक सूर लावायचं यंत्र होतं. तार बरोबर लागली की हिरवं, चुकली की लाल. ती ऐकून ऐकून एकेक खुंटी मामकांच्या आवाजाकडे उतरवायला लागली, तसा फोन सहाही तारांना लाल झाला.

"रागावलाय," हैरुद्दीन फोनकडे बघून म्हणाला. "तू त्याचं ऐकत नाहीस. मला ठाऊक आहे कसं वाटतं ते."

सरळ मामकांनाच विचारावं, म्हणून तिने कॉफीबरोबर लेम्पुकचा मोठा तुकडा ठेवला. दुरियान फळाच्या गराचा तो गोड गोळा मामकांना फार प्रिय.

"मामक, तुमचा सूर मला द्या ना."

"देता येत नाही."

"का?"

"मला कोणी दिला? आमच्या वेळी वादक गिटार खाली ठेवायच्या आधी खुंट्या सैल करायचा. दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. आम्ही लग्नामागून लग्नं पाठीमागे बसून ऐकला आणि चोरला."

"मग मी चोरू?"

"चोरी परवानगी मागून करतात?"

"मामक, तुमच्यानंतर..." ती अडखळली. "घरातलं काही हरवू द्यायचं नाही, हे तुम्हीच सांगता."

मामकांनी तुकडा ताटलीत ठेवला. आता आवाजातला मामा गेला आणि वडीलधारा आला. "तुंगू तुबांगचं काय काय असतं? म्हण."

"घर. खाचर. तळं. भाला. जाळं. कुऱ्हाड."

"त्यात गाणं ऐकलंस?"

"नाही."

"मग?" आणि तुकडा पुन्हा उचलला. "लेम्पुक छान झालंय. साखर कमी घाल."

प्रकरण तिथेच राहिलं असतं, वर्षानुवर्षं. पण रमजान तोंडावर असताना मामक तळ्याच्या बांधावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण बेंगकुलूहून मुलगा आला, त्याने बांध बघितला, वडिलांचा सुजलेला घोटा बघितला आणि सांगून टाकलं: ईद झाली की बाबांना घेऊन जातो. यात कोणाला काही चुकीचं दिसेना. सुल्हानालाही नाही. ती फक्त बांधावर उभी राहिली आणि तिला कळलं की ईदेनंतर सकाळी तळ्यावर नुसती बेडकं असतील. घर राहील, भाला राहील, गंजकी कुऱ्हाडसुद्धा राहील. ती चाल तेवढी बेंगकुलूच्या गाडीत बसून जाईल.

मग तिने खरोखरच चोरी आरंभली. उपासात वेळ जावा म्हणून मामक आता संध्याकाळीही वाजवत बसायचे. रोजा सोडायच्या वेळेआधी केळ्याची खीर घेऊन ती मुद्दाम लवकर जायची, गिटार सुरात सापडेल म्हणून. पण बांधावर पाऊल वाजलं की पलीकडून कर्रर्र आवाज यायचा; मामक खुंट्या सोडताहेत. ती पोहोचेपर्यंत गिटार भिंतीला टेकलेली, तारा नारळाच्या दोरीसारख्या लोंबत्या, आणि मामक आकाशाकडे बघत: "अजून वेळ आहे ना बांग व्हायला?"

एकदा तिने नवऱ्याला पाठवलं. "बोलण्यात गुंतवा. खुंट्या सोडायचं विसरले पाहिजेत. मी मागून येते."

हैरुद्दीन गेला आणि ती पोहोचायच्या आतच परत आला, चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"खुंट्या सोडत सोडतच बोलले. पायरी हलते ती माझ्यामुळे म्हणे. तळ्यातलं गवतही माझ्यामुळे. लग्नात मी टोपी वाकडी घातली होती, तेही निघालं."

शेवटी कानावरच विसंबायचं ठरलं. रोज सकाळी ताडपत्रीशेजारी बसायचं, पलीकडून एक सूर आला की इकडे एक खुंटी केसभर फिरवायची. पहिली तार सापडली, मग सहावी, मग बाकीच्या हळूहळू. चौथीचं काही खरं वाटेना, पण बाकी सगळं इतकं जवळ आलं होतं की अंगावर काटा यायचा. ती मामकांच्या चालीतलं काहीही सोडायला तयार नव्हती. ठसका, घसरण, म्हशीचं पाऊल. आणि ती शांतताही. मामक जितके थांबतात तितकंच थांबायचं, श्वास धरून. ते थांबणं तर तिला सगळ्यात अवघड गेलं. तेच तिने सगळ्यात जास्त घोटलं.

ईदेला घर भरलं. पालेम्बांगहून एर्ना आली, तार्मिझी आला (या वेळी बिनकोंबड्याचा), पोरं जिन्यावरून घसरली आणि तिसरी पायरी एकदाची निखळली. बांबूतला चिकट भात, लेमांग, भाजून झाला, मटण संपलं. मामकांनी रीतीप्रमाणे सगळ्यांना समोर बसवून वर्षाच्या चुका सांगितल्या, सगळ्यांनी माना खाली घालून ऐकल्या. मग पाय पसरले गेले आणि एर्नाने सुरुवात केली.

"आयूक, तुझी ती बिनशब्दांची निर्लज्ज गाणी वाजव ना. फोनवर ऐकून कंटाळा आला."

"गप्प बस. मामक आहेत."

"मामक, तुम्ही कान झाका."

"मी म्हातारा आहे," मामक म्हणाले. "माझे झाकलेलेच आहेत."

सुल्हानाने गिटार घेतली. ती कोणाकडे न बघता म्हणाली, "हे माझं नाही. चोरलेलं आहे." आणि मामकांची चाल सुरू केली.

अंगठा निघाला. पहिल्या चार पावलांत खोलीतलं बोलणं थांबलं. कोपऱ्यात सुपारी कुटणाऱ्या निनिंग कमसिया, गावातली सगळ्यात म्हातारी आजी, हात तसाच वर धरून बसल्या. मामक खाली बघत होते. वरच्या तारा बोलायला लागल्या, आणि निनिंगच्या ओठांवर आपोआप शब्द आले, पुरुषाच्या ओळी, जुन्या:

डोंगरावर ढग बसला, खाली उतरत नाही,
तुझ्या दारी पाय थांबला, पुढे सरकत नाही.

मग सुल्हाना थांबली. अगदी मामक थांबतात तशी. हात तारांवर, मान किंचित वाकडी, श्वास धरून. ती मनात अभिमानाने फुलत होती: बघा, हेसुद्धा आणलं.

"थांबलीस का?" मामकांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"इथं थांबायचं असतं, मामक. तुम्ही थांबता."

निनिंग कमसियांनी बत्ता खाली ठेवला. "अगं वेडे," त्या हलकेच म्हणाल्या, "तिथं सारोह उत्तर द्यायची."

बिबिक सारोह, मामकांची बायको, सुल्हाना लहान असतानाच गेली होती. निनिंगला एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरले. "आणि काय उत्तर द्यायची बया! स्वयंपाकघरातून, पळी हातात धरून! रोज नवीन! 'पाय थांबला तर थांबू दे, हात तरी हलव, छपराला भोक पडलंय, आधी ते बुजव!'"

सगळे हसले. मामकही हसले, पण उठले, आणि काठी टेकत बाहेर पायरीवर जाऊन बसले.

सुल्हाना गिटार मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. एर्ना जवळ सरकली.

"आयूक, रडू नको."

"मी त्यांचं एकटेपण पाठ केलं गं," ती म्हणाली. "एवढा रमजानभर. श्वासासकट."

थोड्या वेळाने ती बाहेर गेली. "मामक, माफ करा."

"कशाबद्दल? चांगलं चोरलंस. चौथी तार सोडून."

"मग त्या जागी काय वाजवू?"

"मला काय विचारतेस? ती जागा माझी नाही, म्हणून तर मी थांबतो. उत्तर समोरच्यानं द्यायचं असतं."

"पण मी कशी देऊ? मी भाची."

"तेही खरं," मामक म्हणाले आणि तळ्यातल्या गवताकडे बघत बसले.

हीच तर गाठ होती. चाल अर्धी होती, आणि उरलेली अर्धी वाजवायचा तिला अधिकारच नव्हता. प्रियकराला प्रेयसीने द्यायचं उत्तर भाचीने मामाला कसं द्यायचं? शब्दांशिवायसुद्धा नाही, शेजारणींनी तो मार्ग केव्हाच बंद केला होता. ईदेचा आठवडा सरत होता, बेंगकुलूला निघायचा दिवस ठरला होता. तिने त्या जागी जावाच्या पोराची एक भरजरी वेलांटी घालून पाहिली. हैरुद्दीन निखळलेली पायरी ठोकत होता. तो म्हणाला, "चांगलं आहे. पण हे फोनमधलं आहे, रोस्तीची आई. घरातलं नाही." नेमका तो बरोबर बोलला याचा तिला राग आला.

मग एका दुपारी पिंदांग, माशाचं आंबट-तिखट कालवण, चुलीवर रटरटत होतं. हैरुद्दीन खाचरात. तिने पळी हातात धरून मागच्या दारातून रोजच्यासारखी हाक मारली, "ओऽऽ रोस्तीचे बाऽऽ, भात वाढलाऽऽ!"

हाक पाण्यावरून गेली आणि ती जागच्या जागी थिजली.

ही हाक तिची नव्हती. ती तिच्या आईची होती. खालून उचलायची, 'ओ'वर लांबवायची आणि शेवटी पायरी उतरल्यासारखी सोडायची. आई याच दारात उभी राहून तळ्यापलीकडच्या आपल्या भावाला अशीच बोलवायची: ओऽऽ बाहरूनऽऽ, भात वाढलाऽऽ! घरातल्या प्रत्येकाने आयुष्यभर ही हाक ऐकली होती. घराने आपल्या माणसाला दिलेली हाक. ती द्यायचा अधिकार कोणाला असेल तर तुंगू तुबांगला.

पळी तशीच टाकून ती गिटारीकडे धावली. हैरुद्दीन आला तेव्हा पिंदांग उतू जाऊन चूल विझली होती.

"भात वाढला म्हणालीस!"

"घ्या ना वाढून! हात नाहीत का तुम्हाला?"

तो तिच्याकडे, मग तिच्या बोटांकडे बघत राहिला आणि मुकाट्याने ताट घेऊन बसला.

निघायच्या दिवशी सकाळी मामकांच्या दारात मुलाची गाडी उभी होती. गाठोडी चढत होती. मग तळ्यापलीकडे अंगठा चालायला लागला. मामक पायरीवर बसून वाजवत होते, सामान मुलावर सोपवून. सुल्हाना मागच्या दारात, मांडीवर गिटार. म्हैस पाण्याकडे निघाली, पोरी कुजबुजल्या, ढग डोंगरावर बसला, पाय दारी थांबला.

आणि मामक थांबले.

तिने उत्तर दिलं. खालच्या तारेवरून उचललं, वर लांबवलं, पायरी उतरल्यासारखं सोडलं. एक शब्द नाही. पण तळ्याकाठी कपडे धुणारी बाई मान वर करून हसली आणि हैरुद्दीन सवयीने हात धुवायला उठला.

पलीकडे काहीच नाही. बराच वेळ नाही. सुल्हानाला वाटलं, चुकलं. सगळंच चुकलं.

मग बांधावर काठी वाजली. मामक येत होते, जपून, एका हातात काठी, मुलगा मागून ओरडत, "बाबा, गाडी!" पायरी चढले, पडवीत बसले आणि खाकरले.

"काय केलंयस?"

"पिंदांग."

"तिखट?"

"खाऊन बघा की."

त्यांनी दोनदा भात घेतला. मुलगा खाली घड्याळ बघत होता. त्यालाही वर बोलावून वाढलं. हात धुऊन मामक म्हणाले, "आण ती." गिटार मांडीवर घेतली, तारांवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "चौथी. पूर्ण रमजान माझ्या कानात खुपत होती ही. रोज वाटायचं, जाऊन सांगावं."

"मग सांगितलं का नाही?"

"चोराला कोण सांगतं?"

त्यांनी खुंटी खाली उतरवली, जरा, अजून जरा. पुन्हा अंगठा फिरवला, आणि अख्खी गिटार एकदम घरी आल्यासारखी बोलली. सुल्हानाने तोंडावर हात धरला. मामकांनी गिटार खाली ठेवली, आणि त्यांचा हात आपसूक खुंट्यांकडे गेला, आयुष्यभराच्या सवयीने सैल करायला. पहिल्या खुंटीवर बोटं टेकली. सगळे बघत होते. बोटं तिथेच जरा रेंगाळली आणि मग त्यांनी हात मागे घेऊन गुडघ्यावर ठेवला.

"तुंगू तुबांगचं काय काय असतं? म्हण."

"घर," ती म्हणाली. "खाचर. तळं. भाला. जाळं. कुऱ्हाड."

"आणि?"

मामकांनी बोटाने दाखवावं तसं काठीने गिटारीकडे दाखवलं.

"विकायचं नाही, वाटायचं नाही, मोडायचं नाही," ते वडीलधाऱ्या आवाजात म्हणाले.

"शिकवायचं?"

मामकांनी बराच विचार केला. "कोणी मागितलं तर आधी नाही म्हण. पुन्हा मागितलं तर लेम्पुक खा आणि मग नाही म्हण. तरीही बांधावर येऊन बसला, तर मात्र खुंट्या सावकाश सोड. एकेक सूर त्याला ऐकू येईल इतक्या सावकाश."

मग ते पायरी उतरले. नव्या ठोकलेल्या तिसऱ्या पायरीवर थांबून त्यांनी पाय दोनदा दाबून पाहिला. हैरुद्दीनने श्वास रोखला.

"हलत नाही," मामक म्हणाले, जरासे नाराज होऊन.

गाडी भाताच्या खाचरांमधून वळणापलीकडे गेली. त्यांची स्वतःची गिटार मागच्या सीटवर होती, तारा सगळ्या सैल. त्या त्यांनी नेहमीप्रमाणे सोडल्या होत्या. सुल्हाना पडवीत परत आली आणि आपली गिटार उचलली. हैरुद्दीनने फोन समोर धरला, नुसती गंमत म्हणून. तिने एकेक तार छेडली. फोन लाल झाला, लालच राहिला, सहाही तारांना.

"अजून रागावलाय गं."

"रागावू दे," ती म्हणाली, आणि तिचा अंगठा पाण्याकडे निघाला.